ताटासमोर हितेंद्र

नूतन माहेरी यायची म्हणजे आधी एक फोन, मग ‘धुळ्याहून काय आणू’ म्हणून दुसरा, आणि गाडी पारोळ्याला आली की ‘चहा ठेव’ म्हणून आणखी एक. त्या रविवारी मात्र यातलं काहीच झालं नाही. दुपार कलत असताना भूपेंद्रची गाडी सरळ दारात येऊन थांबली, आणि नूतन उतरली ती रिकाम्या हातानं.

लताबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे नंतर पाहिलं, आधी हातांकडे पाहिलं.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“काहीतरीच काय माय! कुणी गेलं नाही.”

“मग पिशवी कुठी आहे? मौतीच्या घरीच माणूस असं हात हलवत जातं.”

भूपेंद्र गाडीची चावी बोटात फिरवत मागून आला. नूतनचा थोरला, धुळ्याला आग्रा रोडवर मोबाईलचं दुकान चालवणारा, आणि घरात कितीही गंभीर गोष्ट चालली असली तरी तोंड बंद न ठेवणारा. “आजी, मी आलोय ना. मी काय कमी आहे का?”

“तू तर मस्कतहून पण असाच आला होता,” लताबाई म्हणाल्या.

भूपेंद्र हसला. त्याला या बोलण्याची सवय झाली होती. मस्कतला कामाला म्हणून सगळ्या गावाच्या पाया पडून गेलेला हा गडी पुरता उन्हाळाही तिथं काढू शकला नव्हता, आणि तेव्हापासून सावद्याच्या बाजारात लताबाईंना कुणी ना कुणी हमखास विचारायचं, “काय लताबाई, नातू आला का परत?” विचारणाऱ्याच्या तोंडावर त्या काहीबाही फेकून मारायच्या, पण घरी आल्यावर त्यांना जेवण जायचं नाही.

नूतन त्यांच्याशेजारी टेकली. तिनं एक लसणाची पाकळी उचलली, सोलली नाही, नुसती बोटांत धरून बसली.

“सुकदेवभाऊंचा फोन होता काल.”

लताबाईंचे हात थांबले. सुकदेव म्हणजे नूतनच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. जळगावची केळीची रोपं तयार करणारी जी कंपनी होती, तिनं तिकडं आफ्रिकेत, टांझानियात, मोठा मळा घेतला होता आणि सुकदेव तिथला वरचा साहेब होता. दिवाळीनंतर हितेंद्रला, नूतनच्या भावाच्या, हेमराजच्या, एकुलत्या एका पोराला, दोन वर्षांसाठी तिकडं नेलं ते त्याच्याच शब्दावर.

“काय म्हणतो तो?”

“उद्या जळगावचे साहेब बसणार आहेत. हितूला ठेवायचं का परत पाठवायचं, ते ठरवायला.” नूतननं श्वास घेतला. “सुकदेवभाऊ म्हणाले, वहिनी, मी सांभाळून घेऊन घेऊन किती घेणार?”

“काहून? चोरी केली त्यानं?”

“नाही माय.”

“दारू प्यायला?”

“हितू? दारू?” भूपेंद्र म्हणाला. “आजी, तो सोड्यालासुद्धा लाजतो.”

“मग कामात कमी पडला का? अरे, रोपाच्या पानाले हात लावून पाणी कमी पडलं का जास्त पडलं ते सांगतो तो!”

“कामाचं काही म्हणणंच नाही,” नूतन म्हणाली. “माणसांचं आहे. पंप बंद पडला होता तिथं. माळ्याला माहीत होतं, ड्रायव्हरला माहीत होतं, पंपवाल्याला तर माहीत होतंच. हितूला कुणी सांगितलंच नाही. सकाळी जाऊन पाहतो तर आख्ख्या शेडमधल्या रोपांनी माना टाकलेल्या. सुकदेवभाऊंनी त्या लोकांना विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? तर ते म्हणाले, तो साहेब आमच्याशी बोलतो कुठं? काम सुटलं की खोलीत जातो, दार लावून घेतो. त्याला आमची शिसारी येते.”

शिसारी हा शब्द लताबाईंना लागला. आपल्या घरातल्या पोराबद्दल परक्या मुलखात असं कुणी बोलावं! त्यांनी लसणाचं सूप बाजूला सरकवलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली, “हेमराज!”

हेमराज नुकताच मळ्यातून येऊन हातपाय धुत होता. ओल्या पायांनीच बाहेर आला, बहिणीला पाहून हसला, मग सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला असता तर लताबाईंना बरं वाटलं असतं. पण तो उतरला नाही. उलट कपाळावरची आठी सैल झाली, आणि आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“येऊ दे मग,” हेमराज म्हणाला. “मी तर आधीच म्हणत होतो. इथं घड कापायले माणूस भेटत नाही, अन् आपला पोरगा दुसऱ्याची केळ वाढवायले समुद्रापार. त्याचा पिंडच नाही तो. लहानपणी याच्या-त्याच्या घरी पाठवलं तर उंबऱ्यावरून परत यायचा.”

“तुले आनंद झाला,” लताबाई म्हणाल्या.

“माय, आनंद कसला—”

“झाला. तोंड पाह्य आरशात.”

“भाऊ, तुझं ठीक आहे,” नूतन तावातावानं म्हणाली. “मी त्या घरात काय तोंड दाखवू? माझ्या शब्दावर सुकदेवभाऊंनी घेतलं त्याला. आधीच यानं,” तिनं भूपेंद्रकडे हात केला, “मस्कतचं असं करून ठेवलं. आता सासरची माणसं म्हणतील, नूतनच्या माहेरचं पाणीच तसलं.”

“मामा, मी एक बोलू?” भूपेंद्र म्हणाला.

“नको म्हटलं तर राहशील का?”

“माझं वेगळं होतं. मी गेलो अन् पहिल्याच दिवशी कॅम्पमधल्या सगळ्यांशी दोस्ती. केरळवाला, नेपाळी, पाकिस्तानी, सगळ्यांच्या खोल्यांत माझा चहा. मला वाटलं, जिंकलं. पण मला कुणी वरून बोललेलं सहन होत नाही ना. मुकादमानं एकदा सगळ्यांसमोर झापलं, मी दोनदा झापलं. संपलं. हितू बरोब्बर उलटा आहे. त्याला दहा जणांनी झापलं तरी तो मान खाली घालून काम करेल. पण पहिला नमस्कार त्याच्याच्यानं होत नाही.”

हे खरं होतं, आणि ते लताबाईंना भूपेंद्रच्या आधीपासून माहीत होतं. माणूस पारखायची त्यांची आपली एक रीत होती. परक्या घरात गेल्यावर जो विचारतो, ‘पाण्याचा माठ कुठं आहे हो?’ तो कुठंही जगतो. आणि कुणी पाणी दिलं नाही म्हणून जो तहानेला तसाच परत येतो, त्याला घराबाहेर धाडताना जपून धाडावं. हितू या दुसऱ्या प्रकारातला. हे ठाऊक असूनही कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा हेमराज ‘नको’ म्हणत असताना ‘जाऊ दे’ म्हणणाऱ्या लताबाईच होत्या. बाजारातल्या त्या विचारणाऱ्या तोंडांना एकदाचं बंद करायचं होतं.

पण त्यांना एक गोष्ट काही केल्या जुळवता येईना.

“बोलत नाही म्हणता,” त्या म्हणाल्या. “माझ्याशी तर बोलतो. रोज. ताटावर बसलं की किती बोलतो!”

हा या घरातला नेम होता. हितू गेला त्या दिवशी रात्री त्याचा फोन आला तो रडवेला. ‘आजी, एकट्याला घास जात नाही.’ लताबाईंच्या घरात माणसानं एकट्यानं जेवायचं नाही, समोर कुणीतरी पाहिजे. आजारी माणसासमोरसुद्धा कुणी ना कुणी आपलं ताट घेऊन बसायचं. तेव्हा त्यांनी तिथल्या तिथं तोड काढली होती. दिवेलागण झाली, ताटं मांडली, की फोन पितळी तांब्याला टेकवून उभा करायचा. तिकडं हितूनं आपली ताटली घ्यायची आणि सगळ्यांसोबत जेवायचं. आधी लताबाई बोलणार, मग हेमराज, मग हितूची आई कुंदाबाई, आणि ताटं उचलता उचलता उरलंसुरलं डिंपल, हितूची बायको. एक दिवस चुकला नव्हता. सगळ्या भाऊबंदांत लताबाई हे कौतुकानं सांगत.

“आजी,” दारातून आवाज आला. डिंपल कधीपासून तिथं उभी होती कोण जाणे. जळगावची, शिकलेली, बोलणं पुस्तकासारखं. लताबाईंना ती तोलून बोलते म्हणून थोडी आवडायची आणि त्याच कारणानं थोडी खुपायची. “ते बोलत नाहीत. तुम्ही बोलता. ते ‘हो आजी’ म्हणतात.”

हेमराजनं सुनेकडे पाहिलं, मग आईकडे. नूतननं हातातली पाकळी सुपात टाकली.

“पाह्यलं?” लताबाई म्हणाल्या. “आता ही शिकवणार मले, माझा नातू बोलतो का नाही.”

“शिकवत नाही आजी. मला भीती वाटते म्हणून सांगते.” डिंपल दारातून आत गेली नाही. “परवा मी विचारलं, तिथं तुमच्याबरोबर काम करतात त्यांची नावं काय. यांना दोनच सांगता आली.”

लताबाई सूप उचलून उठल्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आत कुंदाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. कमी बोलणारी, हळू चालणारी, वर न पाहणारी. हितू सगळा हिच्यावर गेलेला. लताबाईंनी चुलीजवळ पाट ओढला, खलबत्ता घेतला आणि ठेच्याच्या मिरच्या जरुरीपेक्षा जोरात कुटायला लागल्या.

“ऐकलंस ना सगळं?”

“ऐकलं, आत्याबाई.”

“काही बोलणार का नाही? पोरगा तुझा आहे.”

कुंदाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. फुगायची वाट पाहिली. मग चुलीकडेच पाहत म्हणाल्या, “मना भाऊले तुम्हीच सांगं व्हतं ना, आते येऊ नको म्हणीसन.”

लताबाईंचा बत्ता हवेत राहिला. कुंदाबाई साक्रीकडची. लग्न होऊन आली तेव्हा अहिराणी बोलायची, आणि बायका तिच्या ‘आहे’च्या जागी येणाऱ्या ‘शे’ला हसायच्या. ती बोली तिनं कधीच टाकून दिली होती; या घरासारखं बोलायला लागली होती. आज इतक्या वर्षांनी तोंडातून माहेर बाहेर पडलं, म्हणजे आत काहीतरी हललं होतं.

“काय बोलतेस तू?”

“मी नवीन होती तेव्हाचं. माझा भाऊ दर बाजाराले यायचा मले भेटाले. इतक्या लांबून, एसटी बदलून. मी सकाळपासून दारात बसून राह्यची. कुणाशी बोलायची नाही. जाऊ नावानं हाक मारे, तरी मले वाटे, मले कशाले पाहिजे ही, माझा भाऊ येऊन राह्यला ना. मग तुम्ही त्याले ओट्यावरच सांगतलं, वर्षभर पाय ठेवू नको इथं. तो पाणी न पिता गेला.”

“तुझ्या भल्यासाठी सांगतलं.”

“भल्यासाठीच असेल. मी तुम्हाले त्याची माफी दिली नाही अजून.” कुंदाबाईंनी हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की लताबाईंना आधी वाटलं आपण काहीतरी वेगळं ऐकलं. “पण मी या घरातल्या बायांशी बोलाले लागली ती तो यायचा थांबला तेव्हापासून. बोलावंच लागलं.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. कुंदाबाईंनी ती काढली, करपलेली बाजू खाली करून टोपलीत ठेवली. “आता रोज संध्याकाळी आपण सगळे मिळून हितूच्या दारात जाऊन बसतो,” त्या म्हणाल्या. “फोनमधून.”

लताबाईंनी मिरची कुटली नाही. ‘तू मले शहाणपण शिकवते का’ असं काहीतरी जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

दिवेलागण झाली. ताटं मांडली. भरीत, ठेचा, भाकरी, कांद्याची पात. तांब्याला फोन टेकवला. नूतन आणि भूपेंद्रही पंगतीला बसले. हेमराज बसता बसता म्हणाला, “त्याले उद्याचं काही सांगू नका. घाबरेल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे घाबरलेले होतेच.

फोन लागला. पडद्यावर हितेंद्र दिसला. केस विंचरलेले, हातात ताटली, ताटलीत पाव आणि लोणचं. मागं खिडकी, आणि खिडकीत ऊन.

“आजी, जेवायला बसलात? आत्या पण आलीय? अरे, भूपादादा!”

“आलीय रे,” नूतन म्हणाली, नको तितकं हसून.

लताबाई त्या खिडकीकडे पाहत होत्या. ते ऊन त्यांना रोज दिसायचं. ‘तिकडं अजून दिवस आहे’ म्हणून त्यांनी सुरवातीला गंमतही केली होती. पण त्या दिवसात इतर माणसं काय करत असतील, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

“हितू, या वेळेले तिथं बाकीचे काय करतात?”

“कोण बाकीचे?”

“तुझे कामाचे लोक.”

“सुट्टी झाली ना आत्ताच. बसतात शेडमागच्या झाडाखाली. चहा करतात. गातात-बितात.”

“अन् तू?”

“मी तुमच्यासोबत जेवतो.”

“भूक असते का तुले या वेळेले?”

हितेंद्र जरा गोंधळला. “भूक अशी नाही. पण सवय झाली आता.”

“अन् रात्री?”

“रात्री काही नाही. पाणी पितो, झोपतो.”

कुंदाबाईंच्या हातातला वाढायचा चमचा भांड्यावर वाजला.

तेवढ्यात तिकडं दार वाजलं. “हितू! हितू!” कुणीतरी मोठ्यानं, खुशीत हाक मारली, आणि लताबाईंनी मान पुढं केली, कारण त्या परक्या गळ्यातून घरचं नाव आलं होतं. हितेंद्र उठला. फोन तिथंच राहिला. पडद्यावर नुसती खिडकी. पलीकडून दोन-तीन आवाज, एक लहान मूल, आणि हितेंद्रचं घाईघाईचं, “नो, नो, सॉरी. फॅमिली. फॅमिली.” दार बंद झाल्याचा आवाज. तो परत येऊन बसला.

“कोण होतं?” लताबाईंनी विचारलं.

“कुणी नाही आजी. जुमा. त्याच्या मुलीचं नाव ठेवायचंय आज. सगळे चाललेत त्याच्या घरी, कंपनीच्या ट्रकमधून. जेवायला बोलवत होता.”

“जुमा म्हणजे कोण?”

“पंपवाला.”

हेमराजनं भूपेंद्रकडे पाहिलं. नूतननं डोळे मिटले.

“पहिल्यांदा बोलावलं का त्यानं?”

“नाही... मधे एकदा बोलावलं होतं. पण ही आपली वेळ ना. तुमची ताटं वाढलेली असतात.”

लताबाईंनी समोरच्या ताटाकडे पाहिलं. आपल्या दारातून कुणी असं जेवायचं निमंत्रण नाकारून दार लावून घेतलं असतं, तर त्या माणसाचं पुढं काय झालं असतं, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पंप बंद पडला काय न् विहीर आटली काय, त्यांनीसुद्धा त्याला सांगितलं नसतं.

“ऊठ,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“ताटली ठेव खाली. ट्रक गेला का?”

“उभा आहे अजून. पण आजी—”

“मग जाय.”

“आजी, मला त्यांची भाषा धड येत नाही. मी काय बोलणार तिथं?”

“तुले भाषण कराले बोलावलं का? पंगतीत बसायचं. वाढलं ते खायचं. अन् एकदा मागून घ्यायचं, समजलं? पोट भरलं असलं तरी मागून घ्यायचं. घरची बाई तेवढंच पाहते.”

“पण ते काय वाढतील... मटण-बिटण...”

“तूच सांगतलं होतं ना मले, तिथं कच्ची केळी शिजवून खातात? ती घे. सावद्याच्या पोराले केळ्याची भीती वाटाले लागली का आता?”

भूपेंद्र हसला, आणि हितेंद्रही किंचित हसला. मग ते हसू गेलं. तो फोनच्या अगदी जवळ आला. इतका, की त्याचे डोळे आणि कपाळच दिसायला लागलं.

“आजी, मला नाही जमत गं. ते सगळे एकमेकांना ओळखतात. मी गेलो की गप्प होतात. मी तिथं उभा राहिलो की हात कुठं ठेवायचे तेच कळत नाही मला.” तो थांबला. “उद्यापासून जाईन. आज नको पाठवू.”

टांझानियाला जाताना त्यानं ‘नको पाठवू’ म्हटलं नव्हतं. मुंबईच्या विमानतळावर सगळ्यांच्या पाया पडला होता आणि एकदाही मागं वळला नव्हता. आत्ता एका ट्रकमध्ये चढायचं तर म्हणत होता. म्हणजे खरा परदेश तर याच्या दारापासून त्या झाडापर्यंतच होता, आणि तेवढा तो अजून गेलाच नव्हता. ‘बरं बाबा, जेव’ एवढे शब्द ओठांपर्यंत आले. त्यांना कधी नव्हे ते कुणाच्यातरी तोंडाकडे पाहावंसं वाटलं, आणि त्यांनी पाहिलं ते कुंदाबाईंकडे.

कुंदाबाई हात पुसत पुढे आल्या. फोनसमोर वाकल्या.

“हितू, जाय बेटा. आम्ही जेवून घेतो.”

“आई...”

“जाय.”

लताबाईंनी हात लांब केला आणि फोन बंद केला.

“माय!” हेमराज उभा राहिला. “हे काय केलं? असा तोडतात का? तो रडत असेल तिकडं!”

“रडेल तर रडेल.”

“उद्या त्याचा निकाल, अन् आज तू—”

“उद्याचा निकाल जळगावात नाही लागत,” लताबाई म्हणाल्या. “बस खाली. ताटावरून उठू नये.”

हेमराज बसला नाही. फोन वाजला. पडद्यावर हितेंद्रचा फोटो, लग्नातला, फेटा बांधलेला. डिंपलचा हात आपोआप पुढं गेला.

“हात लावू नको,” लताबाई म्हणाल्या.

“आजी, ते घाबरलेत. मी फक्त एवढंच सांगते, की...”

“तू बोलली की तो बसला. खाली बसला की पुन्हा उठत नाही तो. तुले माहीत आहे.”

डिंपलनं हात मागे घेतला. फोन वाजत राहिला. त्या आवाजात पंगत अशी बसली होती जसं कुणाला तरी दवाखान्यात आत नेलंय आणि बाहेर बाकड्यावर बसायचं आहे. मग तो थांबला. आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. हेमराज फोनकडे वाकला, तोच कुंदाबाईंनी तो उचलला, पदराखाली घेतला आणि भिंतीला टेकून बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या हातासमोरून काही उचललं होतं. हेमराज पाहतच राहिला. पदराखाली फोन गुरगुरत होता.

या वेळी तो लवकर थांबला.

“ट्रक सुटला असेल,” भूपेंद्र हळूच म्हणाला.

“कशावरून?” नूतननं विचारलं.

“कशावरूनच नाही.”

डिंपल भिंतीशी उभी होती. डोळे भरलेले, पण आवाज ताठ. “आजी, मग मी त्यांच्याशी बोलायचं कधी? रोज ताटं उचलताना चार शब्द मिळायचे, तेही गेले.”

लताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही पोर इतके दिवस उष्ट्या ताटांवरून नवऱ्याशी बोलत आली होती, आणि ते कुणाला दिसलं नव्हतं.

“तिकडं अंधार पडला की बोलायचं. तुझ्या खोलीत. कडी लावून,” त्या म्हणाल्या. “अन् आमच्यातलं कुणी दार वाजवलं तर उघडायचं नाही. मी असली तरी.”

डिंपल खाली पाहायला लागली. नूतननं तिचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं.

“आता जेवा,” लताबाई म्हणाल्या. “भरीत गार झालं.”

हेमराज अखेर बसला. त्यानं भाकरी मोडली, पण घास घेतला नाही. बाहेर केळीची गाडी भरून चालली होती. तिचा हॉर्न वाजला तसे सगळे दचकले, आणि कुंदाबाईंनी पदर बाजूला करून फोन पाहिला.

“वाजला?” लताबाईंनी विचारलं.

“नाही, आत्याबाई.”

“बरं.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तसाच ताटात ठेवला. “आता पुन्हा पाह्य बरं.”